तळेगावला उतरून

नागपूरहून अमरावतीला मोटारीने निघालेला माणूस कारंजा (घाडगे) मागे टाकतो, सत्याग्रही घाट उतरतो आणि तळेगाव बाजूला ठेवून तिवशाकडे निघून जातो. राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा ६, चौपदरी झाल्यापासून हे गाव दिसतं न दिसतं तोच मागे पडतं. एसटी मात्र महामार्ग सोडून स्थानकात शिरते. इथे निम्मे उतरतात आणि तेवढेच चढतात.

महाराष्ट्रात तळेगावं बरीच आहेत. दाभाड्यांचं, ढमढेऱ्यांचं, दिघे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं दशासर. वर्धा जिल्ह्यातल्या या तळेगावापुढे कंसात श्यामजी पंत लिहितात. गाव तालुक्याचं ठिकाण नाही, ते आष्टी तालुक्यात येतं. तरी एसटीच्या वर्धा विभागातल्या पाच आगारांपैकी एक इथे आहे. बाकीची चार वर्धा, हिंगणघाट, पुलगाव आणि आर्वी अशा मोठ्या गावांत आहेत. तळेगावला आगार मिळालं ते जागेमुळे. पूर्व-पश्चिम महामार्ग इथून जातो, उत्तरेला आष्टीचा रस्ता फुटतो आणि दक्षिणेला आर्वीचा. ज्याला या मुलखात कुठेही जायचं असेल त्याला इथे गाडी बदलावी लागते.

परदेशात फिरताना आपण सार्वजनिक बसने मुद्दाम जातो. इस्तंबूलची दोल्मुश भरल्याखेरीज हलत नाही, मागच्या माणसाचे पैसे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे तसेच परत येतात. श्रीलंकेच्या लाल बसमध्ये पुढच्या जागा भिक्षूंसाठी राखलेल्या असतात. अशा गाडीत तासभर उभं राहिलं की तो देश थोडासा कळला असं वाटतं, आणि ते खरंही असतं. तिथल्या बाजारातलं खाणं, दोन-तीन जुन्या वास्तू आणि गर्दीची बस एवढ्यावर एक चांगला दिवस उभा राहतो. माझं म्हणणं असं की मराठी वाचकाला हाच दिवस तळेगावला उतरूनही मिळतो. पुण्या-मुंबईच्या कितीतरी माणसांना दोल्मुश ठाऊक आहे आणि आष्टी ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

मी गेलो ते दिवस पोळ्याच्या आधीचे होते. श्रावण सरत आला होता, कपाशी गुडघ्यावर आली होती, सोयाबीनला शेंगा धरल्या होत्या आणि घाटातली झाडी पावसाने काळपट हिरवी झाली होती. सत्याग्रही घाट म्हणजे काही खंडाळा नव्हे. चढ बेताचा, वळणं थोडी. पण १९३० साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाला, गवत कापून माणसं तुरुंगात गेली, हे ज्याला माहीत आहे त्याला या जंगलातल्या घाटाचं नाव वाचून खिडकीबाहेर नीट बघावंसं वाटतं.

तळेगावच्या फाट्यावर सकाळी तर्री पोहे खावेत. पोहे नुसते वाफवलेले, सौम्य असतात. त्यांच्यावर उकडलेल्या काळ्या चण्यांची लाल तर्री पळीने ओततात, वर बारीक चिरलेला कांदा, सांबार आणि शेव. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. पहिला घास तिखट लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या घासापर्यंत चण्याची चव वर येते. कढईत आलूबोंडे तळत होते, बाजूला पावसाळ्यातले भुट्टे भाजत होते. हॉटेलात टेबलं कमी आणि माणसं जास्त होती, म्हणून प्लेट हातात घेऊन उभं राहूनच खाणं झालं. शेजारी उभा असलेला एकजण प्लेट पुसता पुसता म्हणाला, “आष्टीले जाच असन तर आत्ताच निघा जी, गाडी लागली.”

गाडी लागली होती आणि भरलीही होती. खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरायची पद्धत इकडेही चालते. पिशव्या, छत्र्या, खताच्या रिकाम्या पोत्यात घातलेलं काहीतरी, आणि शाळेच्या गणवेशातली मुलं. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत असते. ज्या गावात आठवीच्या किंवा दहावीच्या पुढे वर्ग नाही तिथल्या मुलांचं शिक्षण या एका आकड्यावर चालतं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. त्याआधी, ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला. या सवलतींवर टीका करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी या गाडीत बसून बघावं. सुनेबरोबर दवाखान्यात निघालेली सासू, माहेरी निघालेली लेकुरवाळी, एकटीच बँकेत निघालेली बाई. आधी तिकिटाला पैसे मागावे लागायचे आणि म्हणून जाणं लांबणीवर पडायचं. आता त्या आधी निघतात आणि मग घरी सांगतात, असं माझ्या शेजारची बाई हसून म्हणाली. तिच्या मांडीवर भाजीची पिशवी होती आणि डोक्यावर, खिडकीच्या वरच्या पट्टीवर, रंगाने लिहिलेलं होतं: स्वातंत्र्यसैनिक.

एसटीत ही राखीव जागा जुनी आहे. आष्टीच्या गाडीत ते अक्षर वाचणं वेगळं. या गावाला शहीद आष्टी म्हणतात. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मुंबईला ‘चले जाव’चा ठराव होऊन जेमतेम आठवडा झाला होता. आसपासच्या खेड्यांतली माणसं आष्टीच्या पोलीस ठाण्यावर चालून आली, गोळीबार झाला, मोर्चातली माणसं पडली आणि संतापलेल्या जमावाच्या हातून पोलिसही मारले गेले. त्याच दिवशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरलाही असाच उद्रेक झाला. दोन्हीकडे तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरच्या भजनांनी माणसं जागी केली होती. महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आलं. त्यांचं गुरुकुंज मोझरी याच महामार्गावर, तळेगावपासून अमरावतीच्या वाटेवर आहे.

आष्टीत उतरल्यावर मी आधी हुतात्मा स्मारकाकडे गेलो. दरवर्षी नागपंचमीला इथे माणसं जमतात. मी गेलो तेव्हा नागपंचमी होऊन गेली होती आणि आवारात शांतपणे उभं राहून नावं वाचता आली. घरी त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, असा सण. त्या दिवशी ही माणसं घरातून निघाली.

इथे एका परदेशी प्रवाशाची आठवण काढणं योग्य होईल. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर वर्ध्याला उतरला, टांग्यात बसून सेवाग्रामला गेला आणि आठवडाभर गांधीजींपाशी राहिला. उन्हाचा ताव असा की त्याने पाण्याच्या टबात खोका ठेवून त्यावर बैठक मारली, दुसऱ्या खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवलं आणि तसं बसून टिपणं लिहिली. आश्रमातलं उकडलेलं जेवण त्याला झेपलं नाही, तेही त्याने लिहून ठेवलं. त्या आठवड्याचं पुस्तक झालं आणि जगभर वाचलं गेलं. वर्धा जिल्ह्यात येणारे बहुतेक पाहुणे आजही तिथेच थांबतात, सेवाग्राम आणि पवनार बघून परततात. फिशर गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जे घडलं ते बघायला आजही फार कोणी येत नाही.

आष्टीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती स्मारकापेक्षा तीनशेहून अधिक वर्षांनी जुनी आहे. जहांगीर बादशहाने आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हे परगणे महंमद खान नियाझी या अफगाण सरदाराला जहागीर म्हणून दिले. उजाड झालेलं गाव त्याने पुन्हा वसवलं. १६२७ मध्ये तो वारला आणि त्याच्या कबरीवर मोगल घाटणीचा मकबरा उभा राहिला. त्याच्यामागून आलेला अहमद खान १६५१ मध्ये गेला, त्याचाही मकबरा इथेच. औरंगाबादचा बीबी का मकबरा तेव्हा उभा राहिलेला नव्हता, हे लक्षात घेतलं म्हणजे विदर्भातल्या एका लहान गावातल्या या दोन इमारतींचं मोल कळतं. मी बराच वेळ तिथे रेंगाळलो. एक मुलगा सायकल टेकवून जवळ आला आणि मी कुठून आलो, सरकारी माणूस आहे का, मोजमाप करायला आलो का, असं विचारू लागला. नुसतं बघायला आलो म्हटल्यावर त्याला आनंद झाला आणि त्याने मला चारी बाजूंनी फिरवून आणलं. वाट दाखवणारी एखादी ठसठशीत पाटी स्थानकावर असती तर त्या मुलाला असे पाहुणे वरचेवर भेटले असते. पाटीला खर्च फारसा येत नाही. ती लागावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

परतीच्या गाडीने तळेगाव, तिथून आर्वी. ही दुसरी गाडी त्या दिवसातली सर्वांत गच्च. बाजाराचा दिवस, त्यात पोळा तोंडावर. दारात पाय ठेवायला जागा नव्हती तरी कंडक्टर “पुढे सरका, मधात जागा आहे” म्हणत होता, आणि आश्चर्य म्हणजे मधात खरंच जागा निघाली. तिकिटाचं यंत्र छातीशी धरून तो त्या गर्दीतून शेवटपर्यंत गेला आणि परत आला. कोण कुठे चढलं, कोणाचे सुटे राहिले, कोणत्या म्हाताऱ्याला कोणत्या फाट्यावर उतरवायचं, सगळं त्याच्या ध्यानात. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा सहा महिन्यांचा संप याच माणसांनी सोसला. त्या काळात खेड्यांकडे जाणारी गाडीच नव्हती. पास घेऊन शिकणाऱ्या मुलींचं काय झालं, हे इथल्या शिक्षकांना विचारावं. काहींनी शाळा सोडली ती सोडलीच, असं मला एका शिक्षकाने गाडीतच सांगितलं. एसटीची फेरी तोट्यात आहे म्हणून बंद करताना वहीतला तोटा मोजला जातो. त्या मुलींचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.

आर्वीला एके काळी रेल्वे होती. पुलगाव ते आर्वी, ३५ किलोमीटरची अरुंद रूळमार्गाची गाडी. ‘शकुंतला’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वऱ्हाडातल्या लहान गाड्यांच्या कुटुंबातलीच ती, किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली धावणारी. आर्वीचा कापूस तिच्यातून पुलगावला, तिथून मोठ्या रुळावर मुंबईला आणि पुढे बोटीने विलायतेला जायचा. ती बंद पडली. रुंद रुळाची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडून समृद्धी महामार्ग जातो, मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर, पण त्याच्या कुंपणाआत खेड्यातला माणूस हात दाखवून गाडी थांबवू शकत नाही. आर्वीच्या माणसाला राहिली ती एसटीच. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी धावली तेव्हा विदर्भ मध्य प्रांतात होता आणि इथे प्रांतिक सरकारची वेगळी बससेवा होती. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे ती सेवा एसटीत मिसळली.

आर्वीच्या बाजारात मी संध्याकाळपर्यंत राहिलो असतो. बैलाच्या साजाचं इतकं सामान एका जागी मी पूर्वी पाहिलं नव्हतं. नव्या वेसणी, कासरे, म्होरक्या, मठाट्या, घुंगरांच्या माळा, शिंगांचे रंग, आरसे टाचलेल्या झुली, बाशिंगं. शेतकरी दोर ओढून, पिळून, दातांशी धरून बघत होते. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले हे सगळेच सांगतात. पण ज्याच्या दावणीला जोडी आहे तो पोळ्याला हात आखडता घेत नाही.

आणि हा मुलूख गवळाऊचा आहे. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातली ही मूळ जात. रंग पांढरा किंवा राखी, अंग हलकं, चाल झपाट्याची. मराठ्यांच्या फौजांना डोंगराळ वाटेने सामान भराभर न्यायला असा बैल हवा होता आणि त्या गरजेतून ही जात घडत गेली असं सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. गाय दूध बेताचंच देते, म्हणून संकरित गाईंच्या पुढे ती मागे पडली. नंद-गवळी समाजाने जंगलाच्या कडेने ती जपली. बाजारात एकाने मला आपल्या मोबाईलमधला जोडीचा फोटो दाखवला, मग त्या जोडीच्या आईचा, मग तिच्याही आईचा. लेकरांचे फोटो त्यानंतर आले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांनी तो सुरू केला असं मानतात. लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा घेतात. रस्त्याच्या कडेला सुतारांनी हे नंदी ओळीने मांडले होते, मुठीएवढ्यापासून खऱ्या वासराएवढ्यापर्यंत. किंमत ठरवताना मूल गप्प आणि बाप बोलतोय, आणि दोघांचेही डोळे एकाच नंदीवर, असं दृश्य दर चार पावलांवर.

आर्वीत खायला तोटा नाही. मी मुगाचे गरम वडे खाल्ले, वर तळलेल्या हिरव्या मिरच्या. मग एका खानावळीत पाटवडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. बेसनाच्या वड्या घट्ट थापून कापलेल्या, रस्सा सुकं खोबरं आणि खसखस भाजून वाटलेला, वर तेलाचा लाल तवंग. सावजी म्हणून मोठ्या शहरात जे खपतं त्यात बऱ्याचदा नुसतं तिखट असतं. इथल्या रश्शात खोबऱ्याचा भाजका गोडवा मागून येतो आणि त्यासाठी भाकरीचा चतकोर जास्त मागावा लागतो. वाढणाऱ्या बाईंनी तो न मागताच टाकला. गोड हवं असेल तर वर्ध्याचा गोरसपाक शोधावा. तुपातली ही जाड, खुसखुशीत बिस्किटं गोरस भांडारची. गांधी-विनोबांच्या काळातल्या गोसेवेच्या कामातून आलेला हा पदार्थ आता पाहुण्यांच्या हाती घरोघर जातो.

गावात तेलंगराय बाबांचं ठिकाण आहे. जुन्या कागदपत्रांत या गावाला आर्वी तेलंगराव म्हटलेलं सापडतं, त्यांनीच गाव वसवलं अशी समजूत. हिंदू त्यांना ब्राह्मण मानत आले, मुसलमान मुसलमान, आणि कबरीवर दोघेही माथा टेकतात. शंभर वर्षांपूर्वीच्या गॅझेटियरनेही हे असंच नोंदलं आहे. या नोंदीत मला काही बदलावंसं वाटलं नाही.

दुपार उतरता उतरता देऊरवाड्याच्या वाटेने वर्धा नदी ओलांडून कौंडण्यपूर. नदी भरून वाहत होती, गढूळ, रुंद. पलीकडचा काठ उंच आहे आणि त्या उंचवट्यावर देवळं. हे रुक्मिणीचं माहेर. अंबिकेच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला कृष्णाने इथून रथात घालून नेलं. नळाची दमयंती, अजाची इंदुमती, अगस्त्यांची लोपामुद्रा या सगळ्या विदर्भाच्या लेकी इथल्याच, असं लोक सांगतात. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी गेल्या शतकाच्या साठच्या दशकात इथल्या टेकाडांचं उत्खनन केलं आणि सातवाहनकाळाच्या आणि त्याआधीच्याही वस्तीचे थर उघडे पडले. कथा बाजूला ठेवली तरी दोन हजार वर्षांपेक्षा जुनं नगर या काठावर होतं, हे पक्कं.

विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळातून आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. १५९४ मध्ये सदाराम महाराजांनी ती सुरू केली असं सांगतात. म्हणजे ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांचे सोहळे आजच्या रूपात येण्याच्या कितीतरी आधीची ही वाट, आणि ती चारशे किलोमीटरहून लांब, अर्ध्या महाराष्ट्रातून. देवळात एक आजी जोत्यावर बसल्या होत्या. पालखीबरोबर तरुणपणी पायी गेल्या होत्या, आता एसटीने जातात. तिकीट लागत नाही म्हणून दरवर्षी जातात. “माहेरचं माणूस जाले पायजे ना तिच्या भेटीले,” त्या म्हणाल्या.

परतीला आर्वीहून तळेगावची गाडी मिळाली ती उभ्यानेच. सकाळचा बाजार आता गाडीत चढला होता. रॅकवर झुली, पायाशी घुंगरांच्या पिशव्या, ड्रायव्हरच्या मागच्या जागेत तीन लाकडी नंदी एकाला एक टेकवून ठेवलेले. चौथा, सगळ्यांत मोठा, एका मुलाच्या मांडीवर आणि मुलगा बापाच्या मांडीवर. “नंदी खाली ठेव ना बाप्पा, माणसाले बसू दे,” मागून कोणीतरी म्हणालं. मुलाने ऐकलं नाही आणि मग कोणी पुन्हा म्हटलंही नाही. घुंगरांचा आवाज प्रत्येक खड्ड्याला गाडीभर होत होता.

तळेगाव स्थानकावर नागपूरच्या गाडीची वाट बघताना कारंजाचा एक बागाईतदार भेटला. दिवसभरात काय काय पाहिलं ते त्याने विचारून घेतलं, मकबऱ्यांचं ऐकून मान डोलावली, आणि म्हणाला की तुम्ही चुकीच्या महिन्यात आले. आत्ता झाडावर आंबिया बहाराची संत्री हिरवी आहेत. “डिसेंबरात या जी संत्रा खायले. कारंज्यालेच उतरा, तळेगावपर्यंत येऊच नका.” मग बागेतला तोडा कसा चालतो, टोपल्या कशा भरतात, व्यापारी भाव कसा पाडतात, मृगाचा बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो तेव्हा पाण्याचं काय होतं, हे त्याने सांगायला घेतलं. गाडी आली, आम्ही दोघेही दारातून कसेबसे आत शिरलो, आणि घाट चढून कारंजा येईपर्यंत त्याचं सांगणं चालू होतं.